उसन्या किल्लीचं कपाट

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. दुसरं वर्ष सरत आलंय. हळदीतल्या कर्क्युमिनपासून नवे पायराझोल (नायट्रोजनचं कडं असलेली संयुगं) बनवायचे, हा विषय गाइड सरांनी दिला. चौदा संयुगं तयार आहेत. कॉलेजात सायफाइंडर, म्हणजे एखादं संयुग आधी कुणी नोंदलंय का हे शोधायचा वर्गणीचा डेटाबेस, नाही. एम.एस्सी.चा एक वर्गमित्र जर्मनीत पीएच.डी. करतो, त्याने आपलं लॉगिन आणि तिथल्या विद्यापीठाच्या व्हीपीएनचा, म्हणजे बाहेरून त्यांच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या वाटेचा, पासवर्ड दिला. तीन महिने ती रात्री अकरानंतर त्यावर बसते. परवा चौदापैकी दोन संयुगं आधीच नोंदलेली दिसली. ‘नंबर दिसला आणि मी लॅपटॉप मिटला,’ असं ती लिहिते. तीन आठवड्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल मांडायचा आहे. सरांना सांगावं तर ‘कुठे पाहिलंस?’ विचारतील, न सांगावं तर झोप लागत नाही. विषयच बदलून मागू का, असा प्रश्न आहे.

मी वयाने तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून ‘तू’ म्हणते. शिवाय बी.एस्सी.ला केमिस्ट्री करून पुढे ग्रंथालयशास्त्राकडे वळलेली आणि एका विद्यापीठाच्या विज्ञान विभागात तीस वर्षं काढलेली बाई आहे मी. तेव्हा तुझ्या पत्रातलं ‘लायब्ररीत विचारून उपयोग नाही, ग्रंथपाल मॅडमना सायफाइंडर म्हणजे काय हेही माहीत नसेल’ हे वाक्य मला जरा लागलंच. त्याकडे नंतर येते.

तुझ्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. किल्ली उसनी होती, हा एक. कपाटात काय सापडलं, हा दुसरा. तुला भीती दुसऱ्याची जास्त वाटतेय, म्हणून आधी तो घेऊ.

लॅपटॉप मिटण्याआधी ती नोंद उघडून पाहिलीस का? पत्रावरून तरी दिसत नाही. सायफाइंडर चालवणारी सीएएस ही अमेरिकन केमिकल सोसायटीची शाखा. १९०७ पासून जगभरच्या रसायनशास्त्राचे गोषवारे काढते आणि १९६५ पासून प्रत्येक पदार्थाला क्रमांक देते. आज तिच्या यादीत वीस कोटींहून अधिक पदार्थ आहेत. हे सगळे कुणीतरी फ्लास्कमध्ये बनवले, टीएलसीवर (शुद्धता तपासायच्या पट्टीवर) पाहिले आणि पेपरात छापले असं समजू नकोस. बरेच पेटंटांतून येतात. बरेच रसायनं विकणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमधून येतात. काही नोंदींत क्रमांक आहे, रचना आहे आणि संदर्भांच्या रकान्यात चक्क शून्य. म्हणजे पदार्थ यादीत आहे, पण तो कसा केला हे सांगणारा एकही कागद तिथे जोडलेला नाही.

म्हणून आधी संदर्भ किती हे बघायचं. असतील तर त्यांत ‘तयार करणे’ या भूमिकेचे किती, म्हणजे संयुग खरोखर बनवल्याचा उल्लेख कुठे आहे, ते बघायचं. आणि गुणधर्मांचा रकाना वाचताना डोळे उघडे ठेवायचे. तिथले बरेच आकडे संगणकाने अंदाजाने काढलेले असतात आणि तसं शेजारी लिहिलेलंही असतं. तरी मी प्रबंधांत ‘संदर्भ ग्रंथांतील उत्कलनबिंदू’ म्हणून सहाशे अंशांच्या आसपासचे आकडे पाहिलेत. तो पदार्थ तीनशेच्या आतच जळून काळा झाला असता. परीक्षकाने विचारलं असतं, ‘बाळ, हा कुणी मोजला?’ तर त्या मुलाकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा ‘नोंद आहे’ म्हणजे ‘झालेलं काम आहे’ हे तुझं गृहीतक कच्चं आहे. पण त्याच्या उलट बाजूचं गृहीतक त्याहून कच्चं आहे आणि त्याबद्दल तू पत्रात एक शब्दही लिहिलेला नाहीस. दोन सापडली म्हणून तुझी झोप उडाली, मग उरलेल्या बाराबद्दल एवढी निश्चिंत कशी?

माझीच एक गोष्ट सांगते. ऐंशीच्या दशकाचा शेवट. तेव्हा केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्सचे छापील खंड होते. पाच-पाच वर्षांच्या एकत्रित सूचीची रांग शेल्फच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि एकेक खंड दोन्ही हातांनी उचलावा लागे. (छापील अंक २०१० पासून बंद झाले. पाठीला बरं वाटलं, मनाला नाही.) एक विद्यार्थी ॲनिलीनच्या एका अनुजाताचा (त्यापासून बनणाऱ्या संयुगाचा) शोध घेऊन आला. मी नवीनच होते, मदत करायची हौस दांडगी. पदार्थसूचीत ‘ॲनिलीन’ काढलं, सत्तरच्या दशकापासून पुढचे खंड धडाधड पाहिले आणि छातीठोकपणे सांगितलं, काही नाही, बिनधास्त पुढे जा. तो सात-आठ महिने पुढे गेला. मग त्याच्या सरांना एका पेपरात तेच संयुग दिसलं. झालं होतं असं की १९७२ पासून सीएएसने सूचीतली नावं बदलली होती आणि ॲनिलीन ‘बेंझिनअमीन’ या नावाखाली गेलं होतं. हे सांगणारा मार्गदर्शक खंड त्याच शेल्फवर वेगळा ठेवलेला होता. मी तो उघडलाच नव्हता. त्या मुलाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्यामुळे तर मला अजून जास्त वाईट वाटलं.

आता नावाऐवजी रचना काढून शोधता येतं, म्हणून हा धोका टळला असं वाटतं. टळलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. तुझ्या संयुगात पायराझोलच्या दोन बाजूंना दोन दुहेरी बंध आहेत. तू ते ट्रान्स, म्हणजे गट विरुद्ध बाजूंना दाखवून, काढले असशील आणि नेमक्या रचनेचा शोध घेतला असशील. पण जुन्या एखाद्या पेपरात ही भूमिती लिहिलेलीच नसेल, तर तो पदार्थ भूमितीशिवाय नोंदला जातो आणि त्याचा क्रमांक वेगळा असतो. क्षार केला, हायड्रोक्लोराइड केलं, की आणखी वेगळा क्रमांक. मूळ कर्क्युमिनचं तर विचारूच नकोस. ते बहुतांशी इनॉल रूपात असतं, पुस्तकांत मात्र डायकीटोन म्हणून काढतात, आणि दोन्ही रूपांच्या नोंदी सापडतात. म्हणून शोध घेताना आधी भूमिती न दाखवता सांगाडा काढायचा, नेमक्या रचनेसोबत उपरचनेचाही (हा सांगाडा ज्यांच्या पोटात आहे अशा सगळ्या पदार्थांचा) शोध घ्यायचा, आणि निकाल फार आले तर मागाहून चाळणी लावायची. आधीच बारीक चाळणी लावली की दाणेच खाली येत नाहीत.

क्रमांक वहीत उतरवताना एक पडताळा करत जा. कर्क्युमिनचा क्रमांक ४५८-३७-७. शेवटचा ७ हा तपासणीचा अंक आहे. तो सोडून बाकीचे अंक उजवीकडून मोजायचे आणि १, २, ३ असे गुणत जायचे: ७×१, ३×२, ८×३, ५×४, ४×५. बेरीज ७७, तिचा एकक ७. जुळला. बाटलीवरचा किंवा पेपरातला क्रमांक असा जुळला नाही, तर छापताना चूक झाली आहे हे तिथेच कळतं.

आणि हळद! हळदीवर काम करणाऱ्याने ‘हे कुणीच केलं नसेल’ असं म्हणायला फारच धीर लागतो. कर्क्युमिनवर हायड्राझिनची क्रिया केली की पायराझोल मिळतो, हे जुनं आणि कितीदातरी छापलेलं ज्ञान आहे. तुझं वेगळेपण असलंच तर ते त्यावर लावलेल्या गटांत आहे. हळदीने जखम भरते या गोष्टीवर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं, आठवतं ना? डॉ. माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. लढाई कशावर जिंकली? बत्तीस संदर्भांवर. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. पेटंट देणाऱ्यांनी शोध घेतलाच असेल, पण असं साहित्य त्यांच्या शोधाच्या वाटेवर आलं नाही. तुझ्या बाबतीत असे न दिसणारे कागद कुठे असतील? आपल्याच विद्यापीठांच्या प्रबंधांत. कितीतरी संयुगं प्रबंधात बनतात आणि पेपरापर्यंत पोचतच नाहीत. शोधगंगा हे भारतीय प्रबंधांचं संकेतस्थळ उघड आणि कर्क्युमिन, पायराझोल हे शब्द टाकून एक आख्खी दुपार बस. तुझा बाहेरचा परीक्षक त्यांतल्याच एखाद्या प्रबंधाचा गाइड निघू शकतो. मी असं होताना पाहिलंय.

समजा, सगळं तपासून ती दोन संयुगं खरंच जुनी निघाली. मग काय बिघडलं? चौदांच्या मालिकेत दोन ज्ञात असणं सोयीचंच आहे. त्यांचा वितळणबिंदू आणि एनएमआर (रचना ओळखायची चाचणी) छापलेल्या आकड्यांशी जुळले, तर तुझी पद्धत बरोबर चालते याचा तो पुरावा. तक्त्यात त्यांच्यापुढे ‘ज्ञात’ लिही आणि संदर्भ दे. लपवलीस आणि परीक्षकाला सापडली, तर मात्र उरलेल्या बाराकडेही तो संशयाने बघेल. विषय बदलायचं तर कारणच दिसत नाही. उलट मी तुझ्या जागी असते तर सरांशी वेगळ्याच गोष्टीवर बोलले असते. कर्क्युमिन चाचण्यांमध्ये फसवं वागतं, जिथे परिणाम नाही तिथेही परिणाम दाखवतं, अशी टीका औषधी रसायनशास्त्रात गाजलेली आहे. २०१७ मध्ये त्यावर एक सविस्तर आढावाही आला. तेव्हा ‘चौदा नवी संयुगं’ यापेक्षा ‘पायराझोल केल्याने तो फसवेपणा कमी होतो का’ हा प्रश्न मला जास्त रसाचा वाटतो. पण हा माझा प्रांत नाही, इथेच थांबते.

आता किल्ली.

ओरडणार नाही. मित्राने प्रेमाने दिली, तू गरजेपोटी घेतलीस. पण काय घेतलंस ते नीट बघ. सायफाइंडरचं खातं माणसागणिक असतं. विद्यापीठ पैसे भरतं, नोंदणी प्रत्येकाने आपल्या नावाने करायची आणि दुसऱ्याला वापरू द्यायची नाही, असा करार असतो. मध्यरात्री दुसऱ्याच देशातून चाललेला वापर कुणाच्या डोळ्यावर आला, तर विचारणा त्याला होईल, त्याच्या गाइडसमोर. आणि व्हीपीएनचा पासवर्ड बहुतेक ठिकाणी त्याच्या मेलचा आणि इतर सगळ्या कामांचा एकच असतो. म्हणजे त्याने तुला कपाटाची म्हणून सगळ्या घराची किल्ली दिली आहे. परदेशात, मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या मुलाने. दुसरी बाजू तुझी. तू काढलेली प्रत्येक अप्रकाशित रचना त्याच्या खात्याच्या इतिहासात बसली आहे. तो सज्जन आहे, मान्य. तरी तुझं दोन वर्षांचं काम दुसऱ्याच्या नावाच्या वहीत का लिहायचं?

एक अगदी व्यवहाराची अडचणही आहे. प्रबंधात तू शोधाची तारीख आणि साधन लिहिशील, तेव्हा काय लिहिणार?

आता लायब्ररी. तू ‘आमच्याकडे नाही’ म्हणतेस तेव्हा ‘आमच्याकडे’ म्हणजे कॉलेजकडे. पण तुझी नोंदणी विद्यापीठात आहे, तू तिथली संशोधक विद्यार्थिनी आहेस, आणि तिथल्या ग्रंथालयावर तुझा हक्क आहे. तिथे विचारलंस का? पत्रात नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कितीतरी मुलांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक घोळ दूर करू. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं, आता सगळं मिळतं, असं तुला कुणीतरी सांगितल्याचं लिहिलं आहेस. २०२५ च्या जानेवारीपासून सुरू झालेल्या या योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना मिळतात, आणि ती मोठीच सोय आहे. पण तो पेपर वाचण्याचा रस्ता झाला. कुठला पेपर वाचायचा हे रचना काढून शोधून देणारा डेटाबेस ही वेगळी वस्तू आहे, त्याची वर्गणी वेगळी भरावी लागते. त्यामुळे ग्रंथालयात ‘जर्नल्स आहेत का?’ विचारू नकोस. ‘रचना काढून शोधता येईल असं सायफाइंडर किंवा रिॲक्सिस आहे का?’ असं विचार. रिॲक्सिस एल्सव्हियरचं, २००९ पासूनचं, पण मूळ बाइलस्टाइनच्या १८८१ मध्ये निघालेल्या ग्रंथापर्यंत जातं. प्रत्यक्ष मोजलेले वितळणबिंदू आणि कृती शोधायला ते मला नेहमीच बरं वाटत आलंय. दोन्हींपैकी एक मिळालं तरी तुझं भागेल.

असेल, तर पुढचे प्रश्न: नोंदणीला विद्यापीठाचा मेल पत्ता लागतो का, आणि संलग्न केंद्रातल्या विद्यार्थ्याला तो कोण देतं? नोंदणी आवारातल्या नेटवर्कवरूनच करावी लागते का? (बहुधा हो.) घरून वापरता येतं की आवारात येऊनच? एका वेळी किती जण बसू शकतात? हे फोनवर विचार, पण त्याच दिवशी लेखी अर्जही दे: नाव, पीएच.डी. नोंदणी क्रमांक, संशोधन केंद्र, काय शोधायचं आहे ते दोन ओळींत, आणि गाइडची सही. अर्ज हातात असला की टेबलापलीकडच्या माणसाला तुझ्यासाठी काहीतरी करता येतं. नुसत्या तोंडी विचारण्याला ‘नाही’ म्हणणं फार सोपं असतं. मीही म्हटलंय.

नसेल, तर जवळच्या एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा मोठ्या संस्थेत बाहेरच्या संशोधकाला ग्रंथालयात बसून वापरता येतं का, हे तुमच्या ग्रंथपाल मॅडमनाच विचारायला सांग. करारात परवानगी असेल तर मिळेल, नसेल तर ते स्पष्ट सांगतील. ग्रंथपालांची आपसात ओळख असते. सायफाइंडर म्हणजे काय ते त्यांना माहीत नसलं, तरी कुणाला फोन करायचा हे माहीत असतं.

जाण्याआधी घरी तयारी कर, कारण तिथे वेळ मोजका मिळेल. चौदाही रचना काढून फाइलीत ठेव. पबकेम हा रासायनिक पदार्थांचा डेटाबेस फुकट आहे, तिथेही रचना काढून शोधता येतं. आधी तिथे पाहा. क्रमांक ताडायला सीएएसचंच ‘कॉमन केमिस्ट्री’ हे मोफत संकेतस्थळ आहे, त्यात सुमारे पाच लाख नेहमीचे पदार्थ आहेत. पेटंटांसाठी गुगल पेटंट्स. या कुठेच सापडलं नाही म्हणजे नवीन, असं मात्र समजू नकोस. आणि प्रत्येक शोधाची एक ओळ वहीत लिही: तारीख, कुठे पाहिलं, काय काढलं, भूमितीसह की भूमितीशिवाय, किती निकाल. पुढे ‘नवीन’ हा शब्द लिहिताना हीच वही तुझ्या मागे उभी राहील.

राहिले सर. तू त्यांना घाबरतेस असं पत्रावरून वाटतं, पण ते रागावतील असं कुठे लिहिलेलं नाहीस, ते ‘विचारतील’ एवढंच लिहिलं आहेस. तर विचारू दे. समितीच्या आधी, दोघंच असताना, सांग: ‘सर, मित्राच्या लॉगिनवरून पाहिलं, ते चुकलं, आता बंद केलंय. त्यात आपली दोन संयुगं दिसली. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून रीतसर शोध घ्यायचाय, या अर्जावर सही हवी.’ अर्ज पुढे ठेव. चूक आणि उपाय एकाच दमात आले की समोरच्याला रागावायला जागा कमी राहते. आणि सर त्या समितीचे निमंत्रक असतात. तिथे अचानक कळण्यापेक्षा आधी कळलेलं त्यांनाही हवंच असणार. तीन आठवड्यांत शोध पुरा झाला नाही, तरी ‘दोन ज्ञात असण्याची शक्यता, तपास सुरू’ अशी एक स्लाइड पुरे.

मित्राला मात्र आजच मेसेज कर. आभार मान, आणि पासवर्ड बदलायला सांग. ‘मी आता वापरणार नाही’ एवढ्यावर सोडू नकोस. त्याने बदलल्याचा उलट मेसेज येईपर्यंत पाठपुरावा कर, आणि तुझ्या लॅपटॉपवर जतन झालेला तो पासवर्ड स्वतःच्या हाताने पुसून टाक.